बरोबरीला आणणारे प्रेम

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचन होत असे. २१ फेब्रुवारीला पहिला अध्याय झाला, १९ जूनला अठरावा. बोलणारे विनोबा भावे आणि ऐकणारे सत्याग्रही कैदी. त्यांत शिकलेले होते, तसे शेतातून थेट तुरुंगात आलेलेही होते. श्रोत्यांमध्ये बसून एक जण प्रत्येक शब्द टिपून घेत होता. ते साने गुरुजी. त्यांच्या त्या टिपणांतूनच ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ आकाराला आला.

गणितावर मनापासून प्रेम करणारे, वैराग्य अंगी मुरलेले विनोबा आणि दुसऱ्याचे दुःख ऐकताच डोळे भरून येणारे गुरुजी. त्या वर्षी त्या भिंतींआड एकच प्रश्न दोन अंगांनी उभा होता. ज्याच्यामागे माणसे चालतात, त्याने त्यांच्यावर प्रेम करावे की त्यांच्यापासून मनाने थोडे दूर राहावे?

विनोबांनी पहिल्याच प्रवचनात या प्रश्नाला हात घातला. अर्जुन युद्धाला नकार देतो तो अहिंसेपोटी नाही, समोर आपली माणसे दिसली म्हणून, असे त्यांनी सांगितले. त्यासाठी त्यांनी एका न्यायाधीशाचा दाखला दिला. अनेकांना फाशीची शिक्षा देणाऱ्या या माणसासमोर एक दिवस स्वतःचाच मुलगा खुनाचा आरोपी म्हणून उभा राहतो आणि त्याच दिवशी फाशी किती अमानुष आहे यावर त्याला व्याख्यान सुचते. युक्तिवाद बिनतोड असू शकतो, पण त्याचा जन्म मोहातून झालेला असतो.

हा दाखला आजही अस्वस्थ करतो, कारण तो प्रेमाच्या वर्मावर बोट ठेवतो. आईवडील, मुख्याध्यापक, सरपंच, कारखान्याचा मालक, मंडळाचा अध्यक्ष यांच्या हातून होणारे कितीतरी अन्याय ‘आपल्या माणसांवरच्या’ प्रेमातूनच होतात. नोकरी भाच्याला मिळते, तिकीट मुलाला मिळते, बहिणीकडून शेतीचे हक्कसोडपत्र लिहून घेतले जाते आणि प्रत्येक वेळी कारण म्हणून माया पुढे केली जाते. म्हणून नेत्याने भावना बाजूला ठेवून फक्त ध्येयाकडे पाहावे, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण नुसत्या ध्येयाने पछाडलेल्या माणसांनीही माणसांचे कमी हाल केलेले नाहीत. संस्था उभी राहते, इमारत चढते, अहवाल छापला जातो आणि ज्यांच्यासाठी हे सारे म्हटले जाते ती माणसे त्यात कुठेच नसतात.

महाराष्ट्राला या प्रश्नाची उत्तरे पुस्तकांतून मिळाली, त्याहून अधिक माणसांच्या जगण्यातून मिळाली. ती उत्तरे शेजारी शेजारी ठेवली की त्यांच्यात एक समान धागा दिसतो. पुढारपण प्रेमाचे आहे की नाही, हे नेत्याच्या मनात किती कणव आहे यावर ठरत नाही. ज्यांना तो नेतो, ती माणसे काही काळाने त्याच्या बरोबरीला येऊन उभी राहतात का, यावर ते ठरते.

घरापासूनच सुरुवात करू. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांचे लग्न १८४० साली झाले, तेव्हा दोघेही लहान होते. त्या काळी नवऱ्याने बायकोवर माया करणे यात नवल नव्हते. तिला शिकवून स्वतःच्या बरोबरीची कार्यकर्ती करणे हे मात्र अघटित होते. १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. वाटेत त्यांच्या अंगावर शेणचिखल फेकला गेला. पुढच्याच वर्षी सासऱ्यांच्या घरातून दोघांना बाहेर पडावे लागले. १८६३ मध्ये त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, १८६८ मध्ये घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुला केला आणि १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला.

यातल्या प्रत्येक निर्णयाचा भार घराने उचलला. गृहात आलेल्या विधवांची बाळंतपणे काढणे, त्यांच्या मुलांना सांभाळणे हे सभेतल्या भाषणाने होणारे काम नव्हे. ते सावित्रीबाईंच्या हातचे काम होते. तिथेच जन्मलेल्या एका मुलाला या जोडप्याने दत्तक घेतले, त्याचे नाव यशवंत ठेवले आणि त्याला डॉक्टर केले.

या घरातल्या प्रेमाची खरी कसोटी लागली ती जोतीरावांच्या मृत्यूनंतर. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावर वाद निघाला, तेव्हा ते सावित्रीबाईंनी धरले. १८९३ साली सासवडला भरलेल्या सत्यशोधक परिषदेच्या अध्यक्षस्थानी त्याच होत्या. १८९७ च्या प्लेगात यशवंतरावांच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करताना त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्चला त्यांचे निधन झाले. नवऱ्याच्या सावलीत वाढलेली बाई सावली सरल्यावर कोमेजते, असा त्या काळाचा समज होता. सावित्रीबाईंच्या बाबतीत तसे झाले नाही, कारण जोतीरावांनी त्यांना सावलीत ठेवलेच नव्हते.

घराचा विचार करताना दुसरे एक नाव टाळता येत नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले. मराठा, महार, जैन, मुसलमान अशी सगळी मुले एका पंगतीत जेवत. त्यांच्यासाठी चूल पेटवणाऱ्या लक्ष्मीबाई सोवळेओवळे पाळणाऱ्या घरात वाढल्या होत्या. धान्य संपले, पैसे संपले, तसे त्यांचे दागिने एकेक करून गेले आणि शेवटी मंगळसूत्रही गेले. १९३० साली त्यांचे निधन झाले. रयतेच्या परिवारात त्यांना आजही ‘रयत माउली’ म्हणतात.

इथे हात जोडून पुढे जाणे सोपे आहे. पण लक्ष्मीबाईंबद्दल खरा आदर असेल तर एक प्रश्न विचारायलाच हवा. समाजावर प्रेम करणाऱ्या माणसाच्या प्रेमाची किंमत घरात कोण भरते? आपल्याकडच्या चरित्रांत ध्येय पुरुषाचे आणि त्याग बाईचा अशी वाटणी इतक्या वेळा येते की ती निसर्गनियम वाटू लागते. लक्ष्मीबाईंनी परक्या मुलांना पोटच्या मुलांसारखे जेवू घातले, म्हणून त्यांना नुसते त्यागमूर्ती म्हणणे हे त्यांचे मोठेपण कमी करणे आहे. बाहेरच्या सभेत जातिभेद मोडण्याची भाषा होत होती, तेव्हा तो प्रत्यक्षात त्यांच्या स्वयंपाकघरात मोडत होता. त्या संस्थेच्या संस्थापकच होत्या आणि त्यांचे नाव त्याच पंक्तीत घेतले पाहिजे.

साधनाताई आमटे यांनी हे काम पुढच्या पिढीत स्वतःच्या लेखणीने केले. ‘समिधा’ या आत्मकथनात त्यांनी आपली बाजू आपल्या शब्दांत मांडली. बाबा आमटे यांनी त्यांना पहिल्यांदा पाहिले ते एका लग्नघरात. पाहुण्यांची गर्दी सोडून त्या म्हाताऱ्या मोलकरणीला कपडे धुवायला मदत करत होत्या. १९४६ मध्ये त्यांचा विवाह झाला आणि पाचच वर्षांत विकास आणि प्रकाश या लहान मुलांना घेऊन त्या वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर कुष्ठरुग्णांबरोबर राहायला गेल्या. घराच्या उंबऱ्याबाहेरचे ध्येय त्यांनी उंबऱ्याच्या आत घेतले.

त्या माळावर उभ्या राहिलेल्या आनंदवनाची गोष्ट मात्र प्रेमापासून सुरू होत नाही, ती भीतीपासून सुरू होते. वरोऱ्याच्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष असलेले मुरलीधर देविदास आमटे, म्हणजेच बाबा, भंग्यांचे हाल समजून घेण्यासाठी स्वतः मैल्याच्या टोपल्या डोक्यावर वाहत होते. त्याच दिवसांत पावसात गटाराकडेला पडलेला, कुष्ठरोगाने हातपाय झडलेला एक माणूस त्यांना दिसला आणि ते घाबरून पळाले. स्वतःला निर्भय समजणाऱ्या माणसाला ही भीती सहन झाली नाही. ते परत गेले, त्या माणसाची शुश्रूषा केली, कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या संस्थेत कुष्ठरोगावरचे उपचार शिकले. १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते आनंदवन सुरू झाले तेव्हा जवळ होते सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये.

कणवेने पाहणाऱ्याने तिथे अन्नछत्र काढले असते. बाबांनी रुग्णांच्या हातात कुदळ दिली. बोटे झडलेल्या हातांनी विहीर खणली, जमीन फोडली, भाजी पिकवली. सुरुवातीला वरोऱ्याचे लोक ती भाजी घ्यायला कचरत. परदेशांतून आलेले स्वयंसेवक आनंदवनात राहून रुग्णांबरोबर राबू लागले, तिथलेच जेवू लागले, तेव्हा गावाची भीती हळूहळू ओसरली. आणि १९६४ मध्ये आनंदवनात आनंद निकेतन महाविद्यालय उभे राहिले. ज्या गावाने या लोकांना दूर ठेवले होते, त्याच गावाची मुले त्यांनी श्रमाने उभारलेल्या महाविद्यालयात शिकायला येऊ लागली.

देणारा वर आणि घेणारा खाली, ही दानाची रचना इथे मोडली. दयेने माणूस जगतो, पण दयेच्या जोरावर तो कोणाला काही देऊ शकत नाही. आणि देण्याची संधी न मिळणाऱ्या माणसाचा कणा कधी ताठ होत नाही. बाबांनी रुग्णांवर उपचार केले, हे डॉक्टरचे काम झाले. त्यांनी रुग्णांना गावाला काहीतरी देण्याच्या जागी नेऊन बसवले, हे पुढारपण होते.

कामाच्या ठिकाणी असे घडवणे सगळ्यांत अवघड, कारण तिथे अधिकार ज्ञानातून येतो आणि ज्ञान सहसा कोणी वाटत नाही. म्हणून जामखेडचे उदाहरण नीट पाहण्यासारखे आहे. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले जोडपे. १९६० मध्ये लग्नाच्या वेळीच त्यांनी खेड्यातल्या गरिबांसाठी आयुष्य वेचायचे ठरवले. अमेरिकेतले शिक्षण आटोपून १९७० मध्ये ते अहमदनगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, दुष्काळी जामखेडला आले. ख्रिस्ताची शिकवण ही त्यांची प्रेरणा होती, पण त्यांच्या दवाखान्याच्या दारात कोणाचा धर्म विचारला जात नव्हता.

सुरुवातीला त्यांनी शिकलेल्या परिचारिकांवर भिस्त ठेवली. ती योजना फसली. परिचारिका बाहेरच्या, गावाला परक्या. गावात राहणे त्यांना नको होते आणि त्यांचे ऐकणे गावाला नको होते. तेव्हा आरोळ्यांनी गावानेच निवडलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून शिकवायला घेतले. त्यांतल्या बऱ्याच निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या होत्या. जिचा गावात कोणी शब्द झेलत नव्हते, तिच्या हाती गावाचे आरोग्य द्यायचे, हा विचारच अनेकांना वेडेपणाचा वाटला.

या बायका दर आठवड्याला जामखेडला येत. डॉक्टर आणि त्या एकत्र बसत, एकत्र जेवत. रोगांची यादी घोकून घेण्याआधी आपल्यालाही काही समजते, आपणही बोलू शकतो, हा विश्वास त्यांच्यात रुजवण्यावर भर होता. मग सुरक्षित बाळंतपण, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी, क्षय आणि कुष्ठरोगाची पहिली लक्षणे, गरोदर बाईचा आहार असे एकेक शिकवले जाई. जे शिकले ते दुसऱ्या दिवशी गावात जाऊन सांगायचे. प्रकल्पाच्या नोंदींनुसार सुरुवातीला जन्मणाऱ्या हजार मुलांमागे १७६ मुले वर्षाच्या आत दगावत होती. १९७६ पर्यंत हा आकडा ५२ वर आला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण जामखेडचे मोठेपण त्याहून वेगळ्या गोष्टीत आहे. याच बायका पुढे तिथल्या प्रशिक्षण केंद्रात शिक्षिका झाल्या आणि देशोदेशीचे डॉक्टर त्यांच्यासमोर शिकायला बसले.

डॉक्टरीचा सगळा दबदबा ‘मला कळते, तुला कळत नाही’ यावर उभा असतो. आरोळ्यांनी तो दबदबा स्वखुशीने सोडला. औषध कमी आणि माहिती जास्त दिली. याला प्रेम म्हणायचे, कारण यात देणाऱ्याचे महत्त्व खरोखरच कमी होते. पाण्याच्या बाबतीतही त्यांनी हीच वाट धरली. दुष्काळात कूपनलिका खोदायच्या झाल्या तेव्हा बऱ्याच गावांत त्या दलित वस्तीत घेतल्या गेल्या. पाणी हवे असेल तर सगळ्या गावाने तिथे जायचे. विटाळ व्याख्यानांपेक्षा रोजच्या घागरीने जास्त लवकर झिजला.

समाजात मात्र प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो आणि तिथे पुन्हा धुळ्याच्या तुरुंगातले ते लेखनिक भेटतात. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक असताना वसतिगृहातल्या मुलांचे कपडे धूत, आजाऱ्यांची शुश्रूषा करत, त्यांच्यासाठी हाताने लिहून दैनिक काढत. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. त्यांच्या मनातले हे आईपण अनेकांना भाबडेपण वाटे. १९४७ साली त्याच माणसाने महाराष्ट्राच्या धर्मजीवनातला सर्वांत अवघड दरवाजा ठोठावला.

पंढरपूरच्या महाद्वारापाशी पायरीजवळ संत चोखामेळ्यांची समाधी आहे. ज्याला आयुष्यभर देवळात पाऊल टाकता आले नाही, त्याची ही जागा. ज्या विठ्ठलाला वारकरी माउली म्हणतात, त्याच्याच गाभाऱ्यात काही लेकरांना बंदी होती. गुरुजींनी १९४७ च्या पहिल्या चार महिन्यांत गावोगाव फिरून सभा घेतल्या. सेनापती बापटही या दौऱ्यात होते. पंढरपूर उघडण्याआधीच अनेक गावांतली देवळे आणि पाणवठे खुले झाले. १ मे रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात त्यांनी उपोषण सुरू केले. गांधीजींनी ते थांबवण्याचा सल्ला दिला, तरी गुरुजी डळमळले नाहीत. ग. वा. मावळंकर यांच्या मध्यस्थीनंतर १० मे रोजी उपोषण सुटले आणि मंदिर सर्वांना खुले झाले. त्याच वर्षी मुंबई प्रांताने हरिजन मंदिर प्रवेशाचा कायदाही केला.

उपोषण हा जुलूम की प्रेम, हा वाद जुना आहे. गुरुजींच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट दिसते. त्यांनी आधी चार महिने माणसांशी बोलण्यात घालवले आणि मगच अन्न सोडले. त्यांचा आग्रह ज्या समाजात ते जन्मले त्या सवर्ण समाजाकडे होता आणि त्याची झळ त्यांनी स्वतःच्या देहाला लावून घेतली. ध्येयासाठी दुसऱ्याला उपाशी ठेवणारे पुढारी पुष्कळ आढळतात. स्वतः उपाशी राहून दुसऱ्याच्या विवेकाची वाट पाहणारे विरळा.

तरीही कथा इथे थांबवली तर ती अर्धी राहील. नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला तो २ मार्च १९३० रोजी. दलितांनी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पायावर उभे राहून दार मागितले होते. पाच वर्षांनी दार बंदच होते. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. ज्या समाजाने दलितांच्या मागणीला दाद दिली नाही, त्याने बारा वर्षांनी एका ब्राह्मण शिक्षकाच्या भुकेला दिली. गुरुजींच्या प्रेमात खोट नव्हती. खोट होती ती एखाद्याचा हक्क मान्य करायलाही त्याच्या वतीने कोणीतरी मोठे माणूस लागते, अशा समाजात.

बाबासाहेबांनी या प्रश्नाचे तात्त्विक उत्तर ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दिले आहे. माणसाविषयीचे प्रेम आणि करुणा यांपाशी ते थांबत नाहीत. त्यापुढे जाणारी, सर्व जीवमात्राला कवेत घेणारी मैत्री हवी, अशी बुद्धाची शिकवण ते मांडतात. करुणा उंचावरूनही करता येते. मैत्रीला एकाच पातळीवर यावे लागते. नेतृत्वाविषयीची सारी चर्चा या एका फरकापाशी येऊन ठेपते.

त्यांनी हे नुसते लिहिले नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी स्वतः दीक्षा घेतली आणि लगेच लाखो अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी प्रत्येक बौद्धाला दुसऱ्याला दीक्षा देण्याचा अधिकार आहे, असे जाहीर केले. भिक्खूंची वाट पाहायला नको, नेत्याचीही नको. दोन महिने पूर्ण होण्याआधीच, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. त्यांनी अधिकार आधीच वाटून टाकला होता, म्हणून धम्मदीक्षेचे काम त्यांच्यामागे थांबले नाही.

याच्या उलट चित्र वारीच्या वाटेवर दिसते. वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. वय, हुद्दा, पैसा विचारत नाहीत. प्रत्येकाला माउली म्हणतात. जगात क्वचितच दिसावी अशी ही रीत आहे. आणि तरीही इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात नोंदवले की दिंड्या जातीजातींच्या वेगळ्या होत्या, पंगती वेगळ्या होत्या. भक्ती खरी, अश्रू खरे, पण पंगत वेगळी. प्रेम एकत्र जेवण्यापर्यंत पोचत नसेल तर त्यात कुठेतरी उणीव राहून गेली आहे, हे मान्य करण्यात वारीचा अपमान नाही.

ही उणीव भरून काढता येते, याचा दाखला गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने दिला. या गावात ग्रामसभेचे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एका माणसाला पटले नाही तरी चर्चा पुढे चालू राहते. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे अभ्यासू मित्र आणि देवाजी तोफा यांच्यासारखे गावातले कार्यकर्ते इथे अनेक वर्षे काम करत आले. पण निर्णय गावाचा, हे त्यांनी कधी सुटू दिले नाही. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क या गावाला मिळाला आणि बांबूच्या विक्रीचा कारभार गाव स्वतः पाहू लागले. २०१३ मध्ये गावाने आपली शेतजमीन विनोबांच्या कल्पनेतल्या ग्रामदानाखाली आणायचे ठरवले. पुढारी असूनही पुढारपण गावभर वाटलेले असू शकते, हे ज्याला पाहायचे आहे त्याने मेंढ्याच्या ग्रामसभेत जाऊन बसावे.

आजचे शहर आणि गाव मात्र अजून वेगळेच सांगतात. महाराष्ट्रात पंचायतींतल्या निम्म्या जागा २०११ पासून स्त्रियांसाठी राखीव आहेत आणि तरी ‘सरपंचपती’ हा शब्द सरकारी कचेऱ्यांपासून चहाच्या टपरीपर्यंत सर्रास वापरला जातो. बायकोवर प्रेम करणारा, तिला त्रास नको म्हणून तिच्या खुर्चीवर बसणारा हा नवरा स्वतःला वाईट समजत नाही. कंपनीतला साहेबही समजत नाही. ‘आपण सगळे एक कुटुंब आहोत’ असे तो सांगतो आणि त्याच कुटुंबातल्या कंत्राटी कामगाराला सुट्टी मागताना थरथरायला होते. गृहनिर्माण संस्थेच्या गणेशोत्सवात पहारेकऱ्याला प्रसाद मिळतो, पण त्याच्या पाळीचे तास ठरवताना त्याला कोणी विचारत नाही. या सगळ्यांत माया नाही असे म्हणता येणार नाही. बरोबरी नाही, एवढे नक्की.

प्रेमाने पुढारपण करणे म्हणजे गोड बोलणे, वाढदिवसाला केक कापणे किंवा सगळ्यांना खूश ठेवणे असा समज हल्ली व्यवस्थापनाच्या व्याख्यानांनी रूढ केला आहे. तो टाकून द्यावा. फुल्यांच्या घरात, आनंदवनाच्या विहिरीवर, जामखेडच्या वर्गात प्रेमाला शिस्त होती, कष्ट होते, हिशेब होता, कधी कडक नकारही होता. आणि ध्येयालाही एक मर्यादा होती. ज्यांच्यासाठी काम करायचे, त्यांच्या डोक्यावरून ते पुढे न्यायचे नाही. अर्जुनाच्या मोहातून आणि ध्येयवेड्याच्या निर्दयपणातून सुटायचा याहून दुसरा खात्रीचा रस्ता या माणसांच्या जगण्यात दिसत नाही.

हे वाचणाऱ्या प्रत्येकाच्या हाती कोणावर तरी थोडीफार सत्ता असते. घरात मुलांवर किंवा सुनेवर, कचेरीत हाताखालच्यांवर, मंडळात नव्या सभासदांवर. आजवर त्यांच्या वतीने आपण घेत आलो असा एक खरा निर्णय, पैशाचा किंवा वेळेचा, या महिन्यात त्यांच्या हाती द्यावा. त्यासाठी लागणारी माहितीही द्यावी. आणि तो निर्णय आपल्या मनासारखा नसला तरी पाळावा.